संगणकावरील आमचीं पांच अवजारें

सुताराच्या घरीं गेलें असतां त्याच्या पेटींत अवजारें किती आहेत यावरून त्याची परीक्षा होत नाहीं. कोणत्या अवजाराची मूठ हाताळून हाताळून गुळगुळीत झाली आहे, तें पाहावें. म्हणजे तो खरोखर कोणतें काम करतो हें कळतें. संगणकावर प्रोग्रॅम लिहिणारांची गोष्ट याहून निराळी नाहीं. अवजारें शेंकडों आहेत, रोज नवीं निघतात, आणि आपल्यासारखें दुसरें नाहीं असें प्रत्येकाची जाहिरात सांगते. पण कांहीं वर्षें सतत हात फिरल्यावर ज्यांची मूठ आम्हांस आपलीशी वाटूं लागली, अशीं अवजारें आमच्या टेबलावरील संगणकांत अवघीं पांच आहेत. त्यांचा परिचय वाचकांस करून द्यावा, असा या लेखाचा हेतु आहे.

आमचा आणि संगणकाचा संबंध तो काय, असें वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृत मात्र वडिलांपाशीं बसून, वेळप्रसंगीं कान पिळून घेत शिकलों. छत्तीस वर्षें शाळेंत मराठी शिकविलें, तांबड्या शाईच्या किती बाटल्या संपविल्या त्याची गणना नाहीं, आणि निवृत्त झालों. सुना, पुतणे, नातवंडें यांनीं भरलेल्या आमच्या घरांत संगणक हें तरुणांचें खेळणें, अशीच आमची समजूत होती. ती बदलण्यास जें कारण घडलें, तें सांगितल्यावांचून अवजारांच्या वर्णनाला अर्थ येणार नाहीं.

आमच्या पणजोबांनीं कीर्तनासाठीं रचलेल्या आर्या व पदें यांची एक हस्तलिखित पोथी घरांत होती. ती छापली कधींच गेली नाहीं. आमचे वडील बंधु अण्णा यांनीं १९९८ सालीं एक संगणक घेतला, आणि रोज रात्रीं जेवण झाल्यावर तासभर बसून ती पोथी त्यांत उतरविण्यास आरंभ केला. आठ वर्षांनीं, २००६ सालीं, काम पुरें झालें. सुमारें तीनशें पानें भरलीं. २००९ सालीं अण्णा गेले. पोथी माळ्यावरील पेटींत होती. २०१८ च्या पावसाळ्यांत पेटी उघडली तों वाळवीनें दोनतृतीयांश पोथी फस्त केलेली! वाईट वाटलें, पण धीर सुटला नाहीं. अण्णांचें काम यंत्रांत सुरक्षित आहे, असा भरंवसा होता. पुतण्यानें त्या फाइली उघडल्या आणि पडद्यावर रोमन अक्षरें, कंस, स्वल्पविराम व टिंबें यांचा नुसता खच पडला. मराठी शब्द एकही नाहीं. वहिनी मागें उभ्या होत्या. “हें काय हो, भावजी?” एवढेंच त्या म्हणाल्या.

झालें होतें तें असें. यंत्राला अक्षर ठाऊक नसतें. त्याला आंकडा ठाऊक असतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावयाचा आणि सर्वांनीं तोच पाळावयाचा, अशी जी जागतिक व्यवस्था आहे तिला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली, आणि भारत सरकारच्या इस्की नांवाच्या १९८८ च्या योजनेचा आधार घेऊन देवनागरीला तींत १२८ जागा मिळाल्या. परंतु ती व्यवस्था घरोघरच्या यंत्रांत रुळावयास पुढें बरींच वर्षें लागलीं. मधल्या काळांत ज्यानें त्यानें आपापला फॉण्ट काढला. क्रमांक रोमन अक्षराचाच ठेवावयाचा आणि त्यावर चित्र मात्र देवनागरीचें चढवावयाचें, अशी ही सोंगाची युक्ति होती. अण्णांनीं ज्या प्रोग्रॅममध्यें टंकलेखन केलें, तो यंत्राच्या मागें एक लहानशी किल्ली खोंचल्यावांचून चालत नसे. किल्ली हरवली, जुनें यंत्र मोडींत गेलें, आणि सोंग उतरल्यावर खालचा चेहरा उघडा पडला.

हीं तीनशें पानें हातानें उलगडावीं असें आमच्या मनांत आलें. पण पुतण्या म्हणाला, “काका, हें माणसाचें काम नव्हे. कोणत्या खुणेला कोणतें अक्षर, याचे नियम लिहून यंत्राला द्यावे. तें एका क्षणांत करील. नियम लिहावयास मराठी यावें लागतें, आणि तें माझ्यापेक्षां तुम्हांला अधिक येतें. तेव्हां तुम्हीच शिका.” २०२० सालीं साथीच्या दिवसांत सर्वजण घरांत कोंडले गेले होते. पुतण्यानें आपला जुना टेबलावरचा संगणक आमच्या खोलींत आणून ठेविला, त्यावर लिनक्स घातलें, आणि वयाच्या साठाव्या वर्षानंतर आम्ही पुन्हां धुळाक्षरें गिरवूं लागलों.

पहिलें अवजार म्हणजे लिहावयाची पाटी. तिला एडिटर म्हणतात. पत्रें व निमंत्रणें सजविण्याच्या प्रोग्रॅमहून ही वस्तु वेगळी. हिच्या फाइलींत केवळ अक्षरें राहतात, दुसरी आरास नाहीं. या पाटीच्या बाबतींत प्रोग्रॅम लिहिणारांत दोन पंथ आहेत, आणि त्यांचा वाद शैववैष्णवांच्या जुन्या वादाइतक्याच हौसेनें चालतो. एक पंथ व्हीआयचा. बिल जॉय यानें तो कॅलिफोर्नियांत १९७६ सालीं रचला. त्याचें व्हिम हें वाढविलेलें रूप ब्रॅम मूलेनार या डच गृहस्थानें १९९१ सालीं प्रसिद्ध केलें. हे गृहस्थ प्रोग्रॅमचें मोल मागत नसत; आवडला तर युगांडांतील अनाथ मुलांस मदत करा, एवढीच त्यांची विनंति असे. २०२३ सालीं ते वारले. दुसरा पंथ ईमॅक्सचा. त्याचें मूळ १९७६ सालीं अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत आहे, आणि रिचर्ड स्टॉलमन यानें त्याची आज प्रचारांत असलेली परंपरा १९८४ सालीं सुरू केली.

पुतण्या व्हिमचा उपासक. त्यांत लिहिण्याची अवस्था निराळी आणि हुकूम देण्याची निराळी. हुकूम सारे रोमन अक्षरांचे. देवनागरी कळफलक चालूं ठेवून आम्ही हुकूम द्यावयास जात असूं आणि यंत्र ढिम्म बसे. शिवाय जोडाक्षरेंही तुटून दिसत. म्हणून आम्ही ईमॅक्सचा अनुग्रह घेतला. त्याच्या पोटांतच देवनागरीचे कळफलक आहेत. त्यांपैकीं इन्स्क्रिप्ट हा सरकारमान्य कळफलक आम्हांस रुचला, कारण स्वर डाव्या हाताला व व्यंजनें उजव्या हाताला अशी त्याची मांडणी वर्णमालेला धरून आहे. त्यांत जोडाक्षरेंही नीट जुळतात. पण आमचें मन जिंकलें तें एका लहानशा सोयीनें. पडद्यावरील कोणत्याही अक्षरावर खूण ठेवून विचारावें, तर ईमॅक्स त्याचें युनिकोडांतील नांव व क्रमांक सांगतो. हलन्ताच्या खुणेवर विचारलें, तेव्हां ‘विराम’ असें संस्कृत नांव उत्तरीं आलें. परदेशीं घडलेल्या यंत्राच्या तोंडून वडिलांचा शब्द ऐकून आम्हांस क्षणभर गंमत वाटली.

दुसरें अवजार पायथन. यंत्राला हुकूम सांगण्याची ही भाषा. गीडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें १९८९ च्या नाताळच्या सुटींत हिची सुरुवात केली व १९९१ सालीं ती प्रसिद्ध केली. हिच्या नांवांत अजगर दिसत असला तरी तें नांव मॉण्टी पायथन या इंग्रजी विनोदी मंडळीवरून घेतलेलें आहे. या भाषेंत एका हुकुमाच्या पोटांत येणाऱ्या ओळी सारख्याच आंत सरकवून लिहाव्या लागतात. न सरकविल्यास यंत्र वाचावयास नकार देतें. समास सोडून, ओळी धरून लिहा, म्हणून आम्ही वर्गांत छत्तीस वर्षें गळा काढला; तें येथें व्याकरणच झालेलें पाहून आम्हांस किती समाधान वाटलें म्हणून सांगावें! २००८ सालीं निघालेल्या हिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून सर्व मजकूर युनिकोडांतच धरला जातो, आणि नांवेंही देवनागरींत ठेवतां येतात. आमच्या प्रोग्रॅममध्यें ‘ओळ’, ‘लघु’, ‘गुरु’ अशींच नांवें आहेत.

नियम लिहावयास बसलों तेव्हां वडिलांनीं घोकून घेतलेलें व्याकरण उपयोगीं पडलें. अण्णांनीं चाळीसेक पानें कागदावर छापून ठेविलीं होतीं. तीं व फाइली शेजारीं ठेवून कोणती खूण म्हणजे कोणतें अक्षर याचें कोष्टक तयार केलें. पण नुसत्या कोष्टकानें भागेना. दोन खुणा मिळून एक अक्षर होत असे, आणि त्यांपैकीं पहिली खूण एकटी आली तर निराळेंच अक्षर. एकट्या खुणेचा नियम आधीं चालला कीं जोडीचा नियम कधींच लागत नसे. पाणिनीय परंपरेंत सामान्य नियमाला उत्सर्ग व विशेष नियमाला अपवाद म्हणतात, आणि अपवादाचें बळ अधिक मानतात. आम्ही सारे अपवाद वर आणि उत्सर्ग खालीं मांडले, कोडें सुटलें. १९६७ सालीं पीटर इंगरमन नांवाच्या विद्वानानें असें सुचविलें होतें कीं, संगणकाच्या भाषांचें व्याकरण लिहिण्याच्या बॅकस व नॉर यांच्या पद्धतीला पाणिनीचें नांव द्यावें. संस्कृत हीच संगणकाची भाषा होय, अशी जी वदंता घरोघर फिरते तिच्याशीं याचा गोंधळ करूं नये. आमचे प्रोग्रॅम संस्कृतांत लिहिलेले नाहींत. उपयोगीं पडली ती पाणिनीची शिस्त, आणि तेवढी पुरे आहे.

तिसरें अवजार ग्रेप. हें अगदीं चिमुकलें. अमुक अक्षरें ज्या ओळींत असतील त्या ओळी दाखव, असें सांगावें आणि त्यानें त्या दाखवाव्या, एवढेंच याचें काम. केन थॉम्प्सन यानें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तें रचलें आणि १९७३ पासून तें युनिक्स यंत्रणेंत आहे. त्याचें महत्त्व वाचकांस एका उदाहरणावरून कळेल. जुन्या फॉण्टमध्यें ऱ्हस्व इकार जसा दिसतो तसा, म्हणजे व्यंजनाच्या आधीं, टंकावा लागे. युनिकोडांत तो जसा उच्चारावा तसा, म्हणजे व्यंजनानंतर येतो. म्हणून आमच्या प्रोग्रॅमला प्रत्येक इकार उचलून पुढें न्यावा लागतो. ‘भक्ति’ या शब्दांत तो संपूर्ण ‘क्त’ ओलांडून गेला पाहिजे. केवळ ‘क’ ओलांडून थांबला तर ‘भकि्त’ असा विद्रूप शब्द होतो. अशीं रूपें संगणकावरच्या मराठींत वाचकांनीं पुष्कळ पाहिलीं असतील. त्यांचें कारण हेंच. आतां, मात्रेच्या पाठोपाठ हलन्त शुद्ध मराठींत येऊंच शकत नाहीं. तेव्हां ‘मात्रा व लगेच हलन्त’ एवढेंच ग्रेपला शोधावयास सांगितलें कीं तीनशें पानांतील असे सारे दोष डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत समोर उभे राहतात. जें कधींच घडूं नये असें काय आहे, हें ज्याला आधीं ठरवितां येतें, त्याच्या हातीं ग्रेप शोभतो.

चौथें अवजार डिफ. दोन फाइलींत कोणत्या ओळींत फरक आहे तें हें दाखवितें. बेल प्रयोगशाळेंत डग्लस मॅक्इलरॉय यानें हें बसविलें. जेम्स हंट याच्याबरोबर लिहिलेला त्याच्या रीतीवरील निबंध १९७६ सालचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, त्या वेळीं बाराशेंहून अधिक हस्तलिखितें पाहिलीं गेलीं आणि पाठभेद डोळ्यांनीं व हातांनीं टिपले गेले. त्या थोर उद्योगाशीं आमच्या घरगुती कामाची तुलना करण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पण पाठभेद टिपण्याची गरज लहान पोथीलाही असतेच. वाळवीच्या तोंडून वांचलेलीं पानें सूनबाईनें अण्णांचा पाठ न पाहतां नव्यानें टंकलीं, आणि तीं व प्रोग्रॅमनें उलगडलेला अण्णांचा पाठ डिफसमोर ठेविला. टंकलेखनाच्या चुका तर सांपडल्याच. परंतु सहा ठिकाणीं असें आढळलें कीं अण्णांनीं पणजोबांचें व्याकरण गुपचूप सुधारलें होतें. आम्ही पणजोबांचा पाठ वर ठेविला आणि अण्णांचा तळटीपेंत घेतला. धाकट्या भावाला वडील भावाची चूक काढण्याचा अधिकार यंत्रानें दिला, असें वहिनी हंसून म्हणाल्या.

पांचवें अवजार गिट. याच्याविषयीं लिहितांना आम्हांस थोडें संकोचल्यासारखें होतें; तरी लिहिणें कर्तव्य आहे. गिट म्हणजे कामाची अशी रोजनिशी कीं जींतून मागचा कोणताही दिवस जसाच्या तसा परत आणतां येतो. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स यानें २००५ च्या एप्रिलमध्यें ही रचली. तोंवर लिनक्सचें काम ज्या दुसऱ्या प्रोग्रॅमवर चाले, त्याची फुकट वापरण्याची सवलत काढून घेतली गेली. तेव्हां यानें कांहीं दिवसांतच स्वतःचें अवजार घडवून त्यावर काम सुरू केलें. कोणीं, कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोणती ओळ बदलली, हें सारें यांत लिहून राहतें. प्रत्येक नोंदीबरोबर आपण एक वाक्य लिहावयाचें असतें: काय केलें आणि कां केलें. पुतण्यानें मूळ फाइली, नियम आणि तयार पाठ हे तिन्ही पहिल्या दिवसापासून गिटमध्यें ठेवावयास लाविले होते. आम्हांस तो उपद्व्याप वाटे.

२०२२ च्या श्रावणांत सूनबाई वहिनींस संध्याकाळीं पोथीचीं पानें पडद्यावरून वाचून दाखवीत असे. एके दिवशीं ती अडखळली. जेथें तेथें ‘भकि्त’, ‘मुकि्त’, ‘सि्थति’. आदल्या आठवड्यांत शुद्ध असलेला पाठ भ्रष्ट झालेला. ग्रेपला विचारलें, तर १,१४६ ओळी बिघडलेल्या. त्या खोलींत आमच्याखेरीज त्या यंत्राला हात लावी तो आमचा बारा वर्षांचा नातू. दुपारीं तो तेथें खेळे. आम्ही त्याला हांक मारली आणि सर्वांसमक्ष फार लागेल असें बोललों. मीं कांहीं केलें नाहीं, आजोबा, असें तो दोनदां म्हणाला. खोटें बोलूं नकोस, असें आम्ही दोन्ही वेळां म्हणालों. तो त्या रात्रीं जेवला नाहीं.

रात्रीं पुतण्या कचेरींतून आला. त्यानें कांहीं न बोलतां यंत्र उघडलें आणि गिटची रोजनिशी पडद्यावर आणली. पांच दिवसांपूर्वींची नोंद, रात्रींचे अकरा वाजून चाळीस मिनिटें. नांव आमचें. वाक्यही आमचेंच: ‘किरकोळ दुरुस्ती’. मग आम्हांस आठवलें. त्या रात्रीं इकाराचा नियम आम्हांस फार लांबलचक वाटला होता. तो आंखूड केला, सर्व फाइलींवर चालविला, आणि पुन्हां न पाहतां निजावयास गेलों. इकार एकच व्यंजन ओलांडून थांबूं लागला होता. पुतण्यानें आदल्या दिवशींचा नियम व पाठ परत आणला. त्याला अर्धें मिनिटही लागलें नाहीं. बिघडलेल्या १,१४६ ओळी पुन्हां शुद्ध झाल्या.

पण आमच्या हातून झालेली दुसरी चूक त्या अवजारानें परत फिरण्यासारखी नव्हती. आम्ही नातवाच्या अंथरुणापाशीं गेलों आणि चूक आमची होती असें त्याला सांगितलें. तो जागाच होता. “मग यंत्रानें तुमचें नांव सांगितलें ना?” एवढेंच त्यानें विचारलें. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. छत्तीस वर्षांत आम्ही कित्येक मुलांस उभें केलें, बांकावर चढविलें, वर्गाबाहेर काढलें. त्यांतील कितीजण खरें बोलत होते? त्या वर्गांत रोजनिशी नव्हती; आमचा शब्द हाच पुरावा होता, आणि आमच्या नांवापुढें कोणीही तांबडी रेघ मारूं शकत नव्हता. आज तीं मुलें पन्नाशीला आलीं असतील. त्यांच्यापैकीं कोणाच्या हातीं हा अंक पडला, तर त्यानें आमचें हें लिहिणें आपल्याला उद्देशून आहे असें समजावें.

दुसऱ्या दिवसापासून नातू शेजारीं खुर्ची घेऊन बसूं लागला. आतां कोणताही नियम बदलला कीं ग्रेप व डिफ चालवून पाहिल्यावांचून तो आम्हांस नोंद करूं देत नाहीं. आणि ‘किरकोळ’ हा शब्द आमच्या रोजनिशींतून त्यानें हद्दपार केला आहे.

हीं पांचही अवजारें विनामूल्य मिळतात, आणि त्यांची अंतर्गत रचना कोणालाही वाचतां येते. परंतु केवळ फुकट म्हणून तीं आम्ही घेतलीं नाहींत. ज्या घरांत कोणी संगणकावर कांहीं टिकाऊ काम करीत असेल, मग तो प्रोग्रॅम असो, कुलवृत्तान्त असो, कीं आजीच्या पाककृतींची वही असो, त्यानें कोणतेंही अवजार निवडतांना तीन प्रश्न विचारावे, असें आमचें सांगणें आहे. हें अवजार उद्यां बंद पडलें तर आपलें काम दुसऱ्या अवजारानें उघडेल काय? आपल्या कामाची किल्ली आपल्याच घरांत आहे कीं दुसऱ्याच्या? आणि आपण चुकलों, तर हें आपल्याला तसें सांगेल काय? अण्णांचें अवजार पहिल्या दोन प्रश्नांना उतरलें नाहीं, आणि आठ वर्षांच्या रात्री बारा वर्षें कुलपांत राहिल्या. अण्णांचा त्यांत कांहीं दोष नव्हता. त्या वेळीं बाजारांत दुसरें होतें तरी काय?

राहिलें एकच सांगावयाचें. पाठ उलगडल्यावर आम्ही आर्यांच्या मात्रा मोजणारा एक लहान प्रोग्रॅम लिहिला. आर्येच्या चार चरणांत अनुक्रमें १२, १८, १२ व १५ मात्रा असाव्या लागतात. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन, जोडाक्षरापूर्वींचा ऱ्हस्व गुरु, हे नियम यंत्राला सांगणें कठिण नाहीं. जेथें हिशेब चुकेल तेथें बहुधा अक्षर चुकलेलें असतें. अशा एकतीस आर्या निघाल्या. तीस आर्यांतील चूक वांचलेल्या पानांवरून किंवा वहिनींच्या पाठांतरावरून सांपडली. एकतिसाव्या आर्येचें पान वाळवीनें खाल्लेलें. तिच्या दुसऱ्या चरणांत एक मात्रा अधिक होते. एक दीर्घ अक्षर ऱ्हस्व केलें कीं हिशेब जुळतो. आम्ही तसें करावयास निघालों होतों. पण वहिनी म्हणाल्या, “मामंजी ती आर्या अशीच म्हणत. त्या अक्षरावर जरा थांबत आणि मग टाळ वाजे. राहूं द्या ती तशीच, भावजी.”

आम्ही ती तशीच राहूं दिली, आणि रोजनिशींत वहिनींच्या नांवानें तशी नोंद केली. तेव्हांपासून प्रोग्रॅम चालविला कीं सर्व पोथी तपासून झाल्यावर पडद्यावर शेवटीं एक ओळ येते: ‘दोष, १’. नातवाला ती ओळ कशी बंद करावयाची तें ठाऊक आहे. त्यालाही तें आम्ही करूं दिलेलें नाहीं.